अडत्या कोणाचा?

१८७२च्या भारतीय करार कायद्याचे दहावे प्रकरण एजन्सीचे आहे. मी ते वाचायला घेतले ते अडत्यासाठी. दुसऱ्याच्या वतीने काम करणारा तो एजंट आणि ज्याच्या वतीने करतो तो प्रिन्सिपल, असे कलम १८२ सांगते. म्हणजे माल शेतकऱ्याचा, तर मालक शेतकरी आणि अडत्या त्याचा माणूस. गाळ्यावरचा थाट पाहणाऱ्याला हे उलटेच वाटेल, ती गोष्ट वेगळी.

विकायला दिलेला माल एजंटाने दुसऱ्याच्या नावावर स्वतःच घेतला आणि महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली, किंवा सौदा मालकाच्या तोट्याचा ठरला, तर कलम २१५ प्रमाणे मालक तो नाकारू शकतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, त्या काळी हे मालकाला कळणार तरी कसे?

खरी गाठ उचलीची. पेरणीला अडत्याकडून पैसे उचलले, की पीक त्याच्याच गाळ्यावर न्यायचे, असे शेतकरी धरून चालतो. एरवी एजंटाचा अधिकार मालकाला काढून घेता येतो. पण मालात एजंटाचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्याला बाध आणून तो काढता येत नाही, असे कलम २०२ म्हणते. कायद्यातले उदाहरण कापसाचेच आहे : 'अ'ने १,००० गाठी 'ब'कडे पाठवल्या. 'ब'ने त्यांवर आगाऊ रक्कम दिलेली आहे आणि गाठी विकून ती वसूल करायची आहे. हा अधिकार 'अ'ला मागे घेता येत नाही. त्याच्या मृत्यूनेही तो संपत नाही.

मग उचल घेणारा बांधला गेला का? मला तसे वाटत नाही. 'ब'ने पैसे दिले ते गाठींवर. पेरणीच्या वेळी माल असतो कुठे? इंग्लंडात १८४८ साली 'स्मार्ट विरुद्ध सँडर्स' या खटल्यात धान्य विकणाऱ्या दलालाचा प्रश्न आला होता. माल हाती आल्यानंतर नुसते पैसे दिल्याने विक्रीचा अधिकार कायमचा होत नाही, असा निकाल लागला. उचल हे कर्ज आहे, फेडायलाच हवे. पण तसा करार नसेल, तर गाळा निवडणे शेतकऱ्याच्या हाती राहते.

जुलै २०१६मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. पैसे देणारा बदलला, म्हणून अडत्या खरेदीदाराचा झाला, असे काहींना वाटते. मात्र एजन्सीला मोबदल्याची गरजच नाही, असे कलम १८५ स्पष्ट सांगते. तेव्हा अडत कोणीही भरो, पट्टीचा हिशेब मागण्याचा कलम २१३चा हक्क शेतकऱ्याकडेच आहे.