खिशातला रोलचा कॅमेरा

रोज जवळ बाळगायचा रोलचा कॅमेरा घेताना भिंगाच्या आधी सेल पाहावा. विकणारा भिंगाचे नाव पुढे करतो. पण कंधारसारख्या तालुक्याच्या गावी चांगला कॅमेरा कपाटात पडून राहण्यास अनेकदा साधा सेलच कारण ठरतो. योशिहिसा माइतानी यांनी घडवलेल्या ऑलिंपस एक्सएला (१९७९) दोन एलआर४४ बटण सेल लागतात. ते घड्याळजीकडेही मिळतात आणि त्यांच्याविना याचा शटर चालत नाही. त्याच कंपनीच्या म्यू-२ ला (१९९७) सीआर१२३ सेल लागतो. तो जादा घेऊन ठेवलेला बरा. रोलाय ३५ (१९६६) या बाबतीत सर्वांत निर्धास्त. त्याच्या मीटरचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, पण शटर पूर्ण यांत्रिक असल्याने मीटर बंद पडला तरी कॅमेरा अडत नाही. मराठवाड्याच्या स्वच्छ उन्हात मीटरची तशी गरजही थोडीच: ४०० चा रोल, छिद्र १६ आणि वेग १/५०० एवढ्यावर काम भागते.

खरा कस सावलीत लागतो. कंधारचा भुईकोट किल्ला काळ्या दगडाचा, भोवती खंदक. दरवाजाच्या आत अंधार आणि कमानीबाहेर लख्ख ऊन, असे दृश्य समोर आले की स्वयंचलित मीटर उजेडाला भुलतो आणि आत उभा माणूस काळाठिक्कर पडतो. एक्सएच्या तळाशी असलेली छोटी दांडी सरकवली की प्रकाश दीड पायरीने वाढतो. तेवढे बहुधा पुरते. म्यू-२ वर पाणी-धुळीपासून राखण असते, वजनही जेमतेम १३५ ग्रॅम. पण झाकण उघडले की त्याचा फ्लॅश पुन्हा आपोआप सुरू होण्याच्या तयारीत असतो. दर वेळी तो बंद करायचा आठव राहिला नाही, तर अंधाऱ्या दालनाची सगळी खोली फ्लॅशच्या एका झोतात सपाट होते.

२२५ ग्रॅमचा एक्सए सदऱ्याच्या खिशात मावतो. सुमारे ३७० ग्रॅमचा रोलाय खिसा ओढतो, शिवाय अंतर अंदाजाने लावावे लागते आणि रोल पुढे सरकवल्याशिवाय भिंग आत जात नाही. एक्सएत दोन प्रतिमा जुळवून अंतर साधता येते, म्हणून कंधारपुरता कौल त्यालाच.

टायटॅनियमच्या अंगाचा कॉन्टॅक्स टी२ (१९९०) भिंगाने श्रेष्ठ आहे. मात्र त्यातले इलेक्ट्रॉनिक्स बिघडले की सुटे भाग मिळणे कठीण, आणि किंमत तर अवाच्या सव्वा.

जुना नग घेताना मागचे झाकण उघडून काळा फोम बोटाने दाबावा. तो चिकट झाला असेल तर उजेड आत शिरतो. भिंग टॉर्चसमोर धरून बुरशीचे जाळे शोधावे; पावसाळ्यात बंद पेटीत ठेवलेल्या भिंगाला ती हमखास लागते.

मे महिन्यात रोल मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये, उष्णतेने रंग बिघडतात. कृष्णधवल रोल घरी धुता येतो, पण डी-७६ या औषधाचे नेहमीचे तापमान २० अंश आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्याहून कितीतरी गरम. म्हणून औषधाची बाटली बर्फाच्या घमेल्यात ठेवतात. शेवटच्या धुण्याचे पाणीही त्याच तापमानाजवळचे हवे; गार औषधातून निघालेली फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर तिच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात.