सुरक्षेच्या पैशाच्या बारा वाटा

अमेरिका देशांतर्गत सुरक्षेवर दरवर्षी किती खर्च करते, असं विचारलं की बहुतेक जण ‘होमलँड सिक्युरिटी’ खात्याचा आकडा सांगतात. २०२४ या आर्थिक वर्षात काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, या खात्याला सुमारे ६२ अब्ज डॉलर दिले. आपत्ती निवारणाचे सुमारे २० अब्ज वेगळे. आकडा बरोबर आहे, पण तो प्रश्नाचं उत्तर नाही. या खात्यातलं तटरक्षक दल बुडणाऱ्या मच्छीमारांना वाचवतं, ‘फेमा’ ही संस्था चक्रीवादळानंतर घरं उभी करायला मदत करते. आणि दहशतवाद्यांचा माग काढणारी एफबीआय या खात्यात नाहीच. ती न्याय खात्याकडे आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर २२ संस्था एकत्र करून हे खातं उभं राहिलं आणि १ मार्च २००३ पासून कामाला लागलं. पण पैसा मंजूर करण्याची पद्धत जुनीच राहिली. काँग्रेस खर्चाची १२ विनियोजन विधेयकं करते आणि प्रत्येकाची उपसमिती वेगळी असते. एफबीआयचा पैसा ज्या विधेयकात असतो, त्याच विधेयकात नासाचाही असतो. साथीच्या रोगांसाठी साठवून ठेवायच्या औषधांचा खर्च आरोग्य आणि शिक्षणाबरोबर येतो, अणुसामग्रीच्या रक्षणाचा खर्च ऊर्जा आणि धरणांबरोबर. एकूण मर्यादा ठरली की तिचे १२ वाटे पडतात, आणि मग प्रत्येक उपसमितीला आपल्या वाट्यातच भागवावं लागतं. त्यामुळे तटरक्षक दलाच्या नव्या जहाजाची स्पर्धा विमानतळावरच्या तपासनिसांशी होते, एफबीआयच्या तपास अधिकाऱ्यांशी होत नाही. धोका एकच असला, तरी त्याच्याविरुद्धची दोन शस्त्रं एका तराजूत कधी तोलली जात नाहीत.

ही वाटणी जवळून पाहता येते. वॉशिंग्टनमधल्या संसदेच्या रेबर्न इमारतीत होणाऱ्या उपसमित्यांच्या सुनावण्या सहसा कोणालाही खुल्या असतात. पिशवी तपासून घ्यायची, रांगेत उभं राहायचं आणि मागच्या खुर्चीवर बसायचं. समोर उंच अर्धवर्तुळाकार व्यासपीठावर सदस्य, खाली टेबलाशी खात्याचे अधिकारी. घड्याळाचा हिरवा दिवा पिवळा होतो, मग लाल. एका सदस्याला साधारण पाच मिनिटं. प्रश्न बहुधा मतदारसंघातून आलेले असतात. आमच्या बंदरावर कंटेनर तपासायला माणसं कमी का? आमच्या विमानतळावरची रांग एवढी लांब का? आमच्या किनाऱ्याला नवी बोट कधी मिळणार? संपूर्ण देशाला सर्वांत मोठा धोका कोणता आणि त्यावर पुरेसा पैसा आहे का, हा प्रश्न मी तिथे फार क्वचित ऐकला आहे.

खरा निर्णय वाचायचा तो समितीच्या अहवालामागे जोडलेल्या तक्त्यात. चालू वर्षाची तरतूद, अध्यक्षांची मागणी, समितीची शिफारस आणि शेवटी दोन फरक, असे पाच रकाने असतात. मी नेहमी शेवटच्या दोन रकान्यांपासून सुरुवात करते, कारण समितीनं कोणाचं ऐकलं आणि कोणाचं नाही, ते उणे-अधिकच्या चिन्हांत उतरलेलं असतं. एखाद्या अनुदानापुढे अधिक चिन्ह दिसलं की उणे कुठे आहे ते शोधायचं. मर्यादा ठरलेली असल्यानं दुरुस्ती सुचवणाऱ्या सदस्याला ‘हा पैसा कुठून आणणार’ हेही लिहून द्यावं लागतं. पुष्कळदा तो मुख्यालयाच्या प्रशासकीय खर्चातून काढला जातो, कारण त्या खर्चाला स्वतःचा मतदारसंघ नसतो.

मंजूर झालेला पैसाही जागेवर राहतोच असं नाही. समित्यांना आगाऊ कळवून, होमलँड सिक्युरिटीच्या एका तरतुदीतली ५ टक्क्यांपर्यंतची रक्कम दुसरीकडे वळवता येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या मुभेचा आधार घेऊन २७.१ कोटी डॉलर स्थलांतरितांना ताब्यात घेणाऱ्या ‘आइस’ या यंत्रणेच्या कामाकडे वळवण्याचं ठरलं. त्यातले १५.५ कोटी आपत्ती निवारण निधीतले होते, आणि तेव्हा डोरियन वादळ अटलांटिकवरून पुढे सरकत होतं.

राज्यांना मिळणाऱ्या अनुदानांची गोष्ट आणखी बोलकी आहे. सुरुवातीला प्रत्येक राज्याला किमान ०.७५ टक्के वाटा ठरलेला होता, म्हणून वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्याला दरडोई हिशोबात न्यूयॉर्कपेक्षा जास्त मिळत असे. ९/११ चौकशी आयोगानं बजावलं की हा पैसा जोखीम पाहून वाटा, खिरापतीसारखा नको. पण जोखीम मोजायची तर आधी यादी हवी. २००६ मध्ये खात्याच्याच महानिरीक्षकांनी राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांची यादी तपासली. ७७,०६९ नोंदींपैकी एकट्या इंडियानातल्या ८,५९१ निघाल्या, म्हणजे न्यूयॉर्कपेक्षा कितीतरी जास्त. त्या यादीत लहान मुलांना प्राणी हाताळू देणारी एक बाग होती आणि टेनेसीतली खेचरांची मिरवणूकही होती. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराच्या अनुदानाला सुमारे ४० टक्के कात्री लागली. २००७ च्या कायद्यानं किमान वाटा टप्प्याटप्प्यानं ०.३५ टक्क्यांवर आणला आणि उरलेल्या रकमेसाठी जोखीम हा निकष घट्ट केला. ही सुधारणा झाली, कारण हिशोब उघड्यावर आला आणि लोकांनी तो वाचला.

काही पैसा तर समितीच्या तक्त्यांत नीट दिसतही नाही, कारण तो शुल्कातून येतो. अमेरिकी विमानतळावरून सुटणाऱ्या विमानाच्या तिकिटाच्या पावतीवर ‘सप्टेंबर ११ सुरक्षा शुल्क’ अशी ओळ असते: एका बाजूच्या प्रवासाला ५.६० डॉलर. नेवार्कहून मुंबईला निघालेलं मराठी कुटुंबही ते भरतं. २०१३ च्या कायद्यानुसार त्यातला काही भाग तपासणीवर खर्च न होता तूट कमी करायला सरकारी तिजोरीत जातो. एच-१बी व्हिसाच्या अर्जाबरोबरचं ५०० डॉलरचं फसवणूकविरोधी शुल्क तीन खात्यांत सारखं वाटलं जातं: होमलँड सिक्युरिटी, परराष्ट्र आणि कामगार. २०१० मध्ये मेक्सिको सीमेसाठी ६० कोटी डॉलर हवे होते. तेव्हा ज्या कंपन्यांत निम्म्याहून अधिक माणसं अशा व्हिसावर होती, त्यांच्यावर प्रत्येक एच-१बी अर्जामागे २,००० डॉलरचा जादा बोजा टाकला गेला. तो मुख्यतः भारतीय आयटी कंपन्यांनी उचलला. ॲरिझोनातल्या गस्तीचा खर्च पुणे-मुंबईच्या अभियंत्यांच्या अर्जांतून निघाला, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

शिवाय वेळापत्रकाचा घोळ असतोच. आर्थिक वर्ष आदल्या वर्षाच्या १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण २०२४ चं विधेयक मंजूर झालं २३ मार्च २०२४ ला. तोवर तात्पुरत्या मंजुरीवर जुन्याच दरानं खर्च चालतो आणि सहसा नवं काम सुरू करता येत नाही. २०१८-१९ मध्ये मंजुरीअभावी ३५ दिवस सरकारी कामकाज अंशतः ठप्प झालं, तेव्हा विमानतळावरचे तपासनीस आणि तटरक्षक दलाचे जवान बिनपगारी कामावर येत राहिले.

४ जुलै २०२५ च्या कायद्यानं तर ही सगळी वाटच बाजूला ठेवली. वार्षिक विधेयकांना वळसा घालून ‘आइस’ला सुमारे ७५ अब्ज डॉलर मिळाले, त्यातले ४५ अब्ज स्थलांतरितांना कोठडीत ठेवण्यासाठी. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीला आणखी ४६.५ अब्ज. ‘आइस’चं नेहमीचं वार्षिक बजेट १० अब्जांच्या आसपास, आणि सायबर हल्ल्यांपासून देश सांभाळणाऱ्या ‘सिसा’चं तर ३ अब्जांच्याही आत. एवढी मोठी रक्कम अनेक वर्षांसाठी एकदम दिली की दरवर्षी सुनावणीत जाब विचारण्याचा धाक उरत नाही. सीमेवर किती कडक असावं याबद्दल मतं वेगळी असू शकतात. पैशाचा जाब दरवर्षी विचारला जावा, याबद्दल नसावीत.

२००२ च्या कायद्यानं एक चांगली सोय केली होती. अर्थसंकल्पाबरोबर एक प्रकरण छापलं जाई, त्यात सुमारे ३० संस्थांचा सुरक्षा-खर्च एकत्र मांडलेला असे. त्यात होमलँड सिक्युरिटीचा वाटा निम्म्याच्या आसपास भरे. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात ते प्रकरण छापणं थांबलं. ते पुन्हा सुरू झालं पाहिजे, आणि त्यात शुल्कांचा व वार्षिक विधेयकांबाहेरच्या पैशाचाही हिशोब आला पाहिजे. अमेरिकेत मत देणाऱ्या मराठी माणसांना माझं एवढंच सांगणं आहे: तुमचा प्रतिनिधी भेटेल तेव्हा सुरक्षेवरचं त्याचं भाषण ऐका, आणि मग हा एकत्रित तक्ता त्याच्याकडे मागा.