शुक्रवारी तीननंतर केलेलं काम कुणाचं?

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलं. "साइड प्रोजेक्ट करा म्हणता, पण ऑफिस सांभाळून ते होतं कधी? आणि झालंच, तर ते कुणाचं?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे. दुसऱ्याचं दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसल्यामुळे आमच्या ऑफिसात दोन चांगली माणसं आठवडाभर एकमेकांशी नीट बोलत नव्हती. आजचा भाग त्यावरच.

मी कोल्हापुरातल्या एका छोट्या डिजिटल स्टुडिओत कोड लिहिते. आम्ही नऊ जण आहोत. पोटापाण्याचं काम म्हणजे वेबसाइट, सराफांचे कॅटलॉग, शाळांची अ‍ॅप. पण शुक्रवारी तीन वाजले की क्लायंटचं काम बंद. ज्याला जे करून बघायचंय ते त्यानं करायचं. अट एकच: पुढच्या शुक्रवारी चहाच्या वेळी ते चालू करून दाखवायचं. अर्धवट असलं तरी चालेल, स्लाइड नकोत.

माझा प्रयोग होता हलगी. फोन हातात धरून झटका दिला की हलगीची थाप वाजली पाहिजे, एवढंच. ऐकायला पोरकट वाटतं, पण पहिल्याच दिवशी आपटले. हात हलायचा आत्ता आणि थाप पडायची जरा वेळानं. गाण्यात एवढा उशीर खपून जातो, तालात नाही. कारण असं की, वेबपेजवर नुसती ऑडिओ फाइल लावली तर ती फाइल उघडून आवाज सुरू होईपर्यंत थोडा वेळ जातो, आणि स्वस्तातल्या फोनवर तो जास्तच जातो. उपाय म्हणजे वेब ऑडिओ. पेज उघडतानाच आवाज एकदा उलगडून मेमरीत तयार ठेवायचा, त्याला बफर म्हणतात, आणि झटका आला की तिथून थेट वाजवायचा. दुसरी अडचण ब्राउझरची. तुम्ही स्क्रीनला एकदा तरी हात लावल्याशिवाय तो सहसा आवाज काढू देत नाही. आयफोनवर तर 2019 च्या आयओएस 13 पासून फोन हलल्याची माहिती हवी असेल तर वेबपेजला वेगळी परवानगी मागावी लागते, तीही बटण दाबल्यावरच. म्हणून माझ्या हलगीवर सुरुवातीला एक मोठं बटण आहे: 'वाजवू का?'

तीन शुक्रवार गेले त्यात. पुढे एका शाळेच्या अ‍ॅपमध्ये अक्षरावर बोट ठेवलं की उच्चार उशिरा यायचा, तेव्हा तोच बफरचा कोड उचलून तिथे टाकला आणि काम झालं. क्लायंटनं पैसे दिले, मी पगार घेतला. तो कोड कुणाचा, हे ना कुणी विचारलं ना मला सुचलं.

आता जरा खरी कॉर्नरला या. कोल्हापूरकरांनो, तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ तुम्ही बघितला असेल, गाडी लावायला जागा शोधताना का होईना. ही सगळी भानगड आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलीय.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेमामेभाऊ की चुलतभाऊ या नात्यात न शिरता 'बंधू' म्हणूया, असे आनंदराव पेंटर. या दोघांचा मूळ धंदा नाटकाचे पडदे रंगवण्याचा. संगीत नाटकांचा तो काळ, त्यामुळे हाताला काम भरपूर. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला आणि यांच्या डोक्यात शिरलं की आपण स्वतः कॅमेरा बनवायचा. विकत घ्यायचा नाही, बनवायचा. पडदे रंगवता रंगवता हा उद्योग सुरू झाला. 1916 साली आनंदराव गेले आणि कॅमेरा अर्धाच राहिला. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन तो 1918 च्या सुमारास पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली, आणि फेब्रुवारी 1920 मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला.

मला यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? पडदे रंगवण्याची नोकरी आणि सिनेमाचा नाद हे दोन वेगळे कप्पे नव्हतेच. बाबूराव प्रसंगांची आणि पोशाखांची चित्रं आधी काढून घ्यायचे. सिनेमाची पोस्टरं स्वतः रंगवायचे. 'कल्याण खजिना' या 1924 च्या चित्रपटाचं त्यांचं पोस्टर भारतातल्या सर्वात जुन्या, आज हाती असलेल्या चित्रमय पोस्टरांत मोजतात. पोटाच्या धंद्यानं जे हाताला शिकवलं होतं, तेच प्रयोगात उतरलं. माझी हलगीसुद्धा तशीच. मी रोज वेबपेज बनवते, म्हणून हलगीही वेबपेजच झाली. सुताराच्या पोरीनं लाकडाची केली असती.

आणि मग 1929 आलं. त्याच कंपनीत तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 साली प्रभात पुण्याला गेली. त्याच वर्षी त्यांनी गुरूचाच विषय पुन्हा घेतला, 'सैरंध्री', आणि या वेळी रंगीत करायचा घाट घातला. प्रक्रिया करायला फिल्म थेट जर्मनीला नेली. रंग काही मनासारखे उतरले नाहीत. प्रयोग फसला. पण प्रयोगांची खोड गेली नाही. 1934 मध्ये तिथेच 'जंबूकाका' नावाचा कार्टूनपट झाला, आणि त्याच वर्षीच्या 'अमृतमंथन'मध्ये टेलिफोटो लेन्सनं घेतलेला डोळ्याचा क्लोजअप आजही सिनेमा शिकवताना दाखवतात.

पॉडकास्टवाल्यांना एक जवळचं उदाहरणही सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत ओडिओ नावाची पॉडकास्टची कंपनी होती. 2005 मध्ये अ‍ॅपलनं आयट्यून्समध्येच पॉडकास्ट आणले आणि ओडिओचा पायाच हलला. तेव्हा तिथल्या लोकांनी गट करून नव्या कल्पनांवर डोकं चालवलं. त्यातली एक होती एसएमएसनं 'मी आत्ता काय करतोय' हे सगळ्यांना कळवायची. त्याचं ट्विटर झालं. एसएमएस 160 अक्षरांचा, म्हणून संदेश 140 चा, उरलेली जागा नावाला.

म्हणजे प्रयोग कारखान्याच्या आत जन्मतो आणि बऱ्याचदा मूळ धंद्यापेक्षा लांब जातो. कधी माणसांसोबत दाराबाहेरही. भांडण होतं ते त्या दारापाशी.

आमच्याकडे झालं ते असं. आमच्या डिझायनरचे वडील बोर्ड रंगवायचे. दुकानांची नावं, टेम्पोच्या पाठी, तालमीच्या पाट्या. फ्लेक्स आला आणि चार-पाच वर्षांत ब्रश वाळले. आता त्यांचा हात थरथरतो. पोरानं ठरवलं, बाबांच्या अक्षरांचा फॉन्ट करायचा. गावातल्या उरलेल्या बोर्डांचे फोटो काढले, रात्री घरी बसून अक्षरं काढली, आणि शुक्रवारी ऑफिसच्या मशीनवर, ऑफिसनं पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती बसवली. दीड वर्ष. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना तो सरांना म्हणाला, "सर, फॉन्ट घेऊन जातो." सर म्हणाले, "अरे, तो स्टुडिओचा नाही का?" सर काही वाईट माणूस नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि याला वाटत होतं की ही माझ्या बापाची अक्षरं आहेत, विचारायचं काय त्यात.

मी कायदा काढून बघितला. कॉपीराइट अ‍ॅक्ट 1957, कलम 17. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून जे काम होतं, त्याचा पहिला मालक कंपनी, वेगळा करार नसेल तर. आपला कोडसुद्धा यात येतो, कायद्याच्या भाषेत तो 'साहित्यकृती' आहे बरं का! कळीचा शब्द 'नोकरीचा भाग म्हणून'. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, कामाशी संबंध नसलेलं केलं तर तुमची बाजू भक्कम. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या साधनांवर, ऑफिस जे विकतं त्याच जातीचं काही केलं तर वादाला जागा. आमचा फॉन्ट बरोबर मधोमध. त्यात तुमच्या ऑफर लेटरमध्ये 'नोकरीच्या काळात केलेलं सगळं आमचं' असं कलम असू शकतं. ते आज रात्री काढून वाचा, खरंच. आणि "जा रे, तुझंच आहे ते" या तोंडी शब्दावर विसंबू नका. हक्क एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचे तर कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं.

आठव्या दिवशी सरांनीच दोघांना मिसळ खायला नेलं आणि एका पानावर लिहून सही केली. फॉन्टचे सगळे हक्क त्याचे, स्टुडिओला फुकट वापरायची मुभा, आणि फॉन्टच्या माहितीत वडिलांचं नाव. आता शुक्रवारच्या प्रत्येक प्रयोगासाठी असं पान पहिल्याच दिवशी होतं. माझ्या हलगीचंही झालं, उशिरा का होईना.

फॉन्ट अजून पुरा नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये 128 जागा आहेत, पण जोडाक्षरं धरून आकार काही शे काढावे लागतात. सध्या तो 'ऱ्ह'वर अडलाय. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यात जो फरक आहे, तो त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र चा, आणि फॉन्टमध्ये तो आकार वेगळा काढावा लागतो. वडिलांना आठवतंय की त्यांनी 'कऱ्हाडकर' नावाचे दोन-तीन बोर्ड रंगवले होते. कुठे, ते आठवत नाही. हात आता तसा वळत नाही म्हणतात.

तुमच्या गल्लीत ब्रशनं रंगवलेला, 'कऱ्हाड' किंवा 'ऱ्ह' असलेला जुना बोर्ड दिसला तर फोटो पाठवा. अगदी समोरून काढा, तिरका नको, आणि कोपऱ्यात पेंटरची सही असेल तर तीही येऊ द्या.