विश्लेषण : नवोदयला नंबर लागला, पण मूल वसतिगृहात राहील का?

पाचवीतल्या मुलाचे नाव नवोदयच्या निवड यादीत आले की घरी पेढे वाटले जातात, शाळेत सत्कार होतो. मग बॅग भरायची वेळ येते आणि घरच्यांना प्रश्न पडतो : दहा-अकरा वर्षांचे पोर घर सोडून राहील का?

नवोदय विद्यालय काय आहे?
ग्रामीण भागातील हुशार मुलांचे शिक्षण पैशांअभावी अडू नये, यासाठी केंद्र सरकारने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतर्गत ही निवासी विद्यालये सुरू केली. पहिल्या दोन प्रायोगिक विद्यालयांपैकी एक अमरावतीचे, दुसरे हरियाणातील झज्जरचे. सहावीला कमाल ८० जागा असतात. त्यातील किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी राखीव. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विकास निधी घेतला जातो. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांना त्यात सूट आहे.

परीक्षेतून काय कळते?
दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे गुण बुद्धिमत्तेला, उरलेले अंकगणित आणि भाषेला. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. त्यातून मुलाची आकलनशक्ती दिसते. ताप आल्यावर ते कुणाला सांगेल का, हे दिसत नाही.

तिथे गेल्यावर काय बदलते?
शाळा सीबीएसईची. सुरुवातीला मराठीतून शिकवतात, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून. नववीत काही विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयमध्ये पाठवले जाते. अनेक पालकांना हे तेव्हाच कळते.

कसे ठरवावे?
- मूल आई-वडिलांशिवाय आजोळी आठवडाभर राहिले आहे का?
- अंघोळ, कपडे, दप्तर स्वतः आवरते का?
- दुखले-खुपले, कुणी त्रास दिला तर मोठ्यांना सांगते का?
- जायची हौस त्याला आहे की आपल्याला?

शक्य असल्यास मुलाला घेऊन विद्यालय पाहून या. तिथल्या सहावी-सातवीच्या मुलांशी त्याला बोलू द्या. पहिले काही आठवडे रडू येणे स्वाभाविक आहे. मात्र जेवण तुटले, झोप उडाली किंवा सुट्टीनंतर परत जायला ते ठाम नकार देऊ लागले, तर 'सवय होईल' म्हणून सोडून न देता हाउस मास्तरांशी बोला.

पाठवले नाही तर?
सगळे संपत नाही. रिक्त जागा असल्यास नववीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा होते. शासकीय किंवा अनुदानित शाळेतील मुलांना आठवीत 'एनएमएमएस' परीक्षा देता येते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या गुणवंतांना नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात.

निवड झाली म्हणून पाठवलेच पाहिजे, असा नियम नाही. पण पाठवायचे असो वा नसो, निर्णय घेण्याआधी मुलाला विचारा. सात वर्षे तिथे त्यालाच राहायचे आहे.