जळिताचा हिशेब कधी मांडायचा?

खोल भाजलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडतात तेव्हा जखमा बहुतेक भरलेल्या असतात आणि घरच्यांना हायसे वाटते. वणाचे काम मात्र तेव्हा नुकते सुरू झालेले असते. पहिले काही महिने तो लाल, जाड आणि टणक होत जातो. निवायला वर्ष ते दोन वर्षे लागतात. या काळात तो आकसतो, आणि मान, काख, कोपर किंवा बोटांवर असेल तर सांध्यालाही ओढून धरतो. हनुवटी छातीकडे खेचली जाते, मूठ पुरती मिटत नाही. वण दबून राहावा म्हणून घट्ट, ताणाचे कपडे दिवसातले तेवीस तास, महिनोन्‌महिने घालावे लागतात. खोल भाजलेल्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथी जळून गेलेल्या असतात, त्यामुळे उन्हात किंवा भट्टीपुढे काम करणे अशक्य होऊन बसते. खाज तर रात्र रात्र झोपू देत नाही. मुलांचे हाल आणखी वेगळे: मूल वाढते, पण वण त्याच्या वेगाने वाढत नाही, म्हणून आखडलेला भाग सोडवण्याच्या शस्त्रक्रिया वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा कराव्या लागू शकतात. विजेच्या धक्क्याने भाजलेल्यांना कधी काही महिन्यांनी मोतीबिंदू होतो. आणि क्वचित का होईना, काही दशकांनी जुन्या वणातच कर्करोग उद्भवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. यातल्या ज्यांना कुणाच्या तरी चुकीमुळे भाजले, त्यांच्यापैकी फार थोडे भरपाई मागतात. आणि मागणारेही बहुधा रुग्णालयाचे बिल पुढे करून थांबतात. माझे म्हणणे असे, की बिल हा या नुकसानीचा सर्वांत लहान भाग आहे. भरपाई बहुतेक एकदाच, एकरकमी मिळते. वण मात्र वर्षानुवर्षे खर्च काढत राहतो. मोटार अपघाताच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की अंतिम निवाडा झाल्यावर पुढच्या उपचारांसाठी तो पुन्हा उघडता येत नाही; म्हणून तो खर्च निवाडा देतानाच धरला पाहिजे. याचा सरळ अर्थ, दाव्यात जे लिहिले नाही ते पुढे मिळवणे जवळपास अशक्य. पुढच्या शस्त्रक्रिया, ताणाचे कपडे, फिजिओथेरपी, मानसोपचार यांचा अंदाज प्लास्टिक सर्जनकडून लेखी घेऊन तो दाव्याला जोडायलाच हवा.

दुसरी फसगत टक्क्यांची. ‘चाळीस टक्के भाजले’ म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा तेवढा भाग जळाला. कमाईची ताकद किती गेली, हे त्यातून कळत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्काही ते पुरते सांगत नाही. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी दिलेले उदाहरण भाजलेल्यांनाही लागू पडते: डावा हात कापावा लागला तर अपंगत्व कागदावर साठ टक्के असेल, पण सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडते, आणि सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. दोनच तळवे भाजलेला आचारी या कसोटीवर पाहावा. टक्क्यांत तो थोडाच भाजलेला असतो.

आता घरातल्या सिलिंडरचे पाहू. नोंदणीकृत ग्राहकाच्या घरातल्या दुर्घटनेसाठी तेल कंपन्यांचा विमा असतो, त्याचा वेगळा हप्ता ग्राहक भरत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारांसाठी माणशी कमाल २ लाख आणि मालमत्तेसाठी कमाल २ लाख, अशी त्याची जाहीर मर्यादा आहे. एजन्सीला ताबडतोब लेखी कळवून पोच घेणे, पोलिसांचा पंचनामा, रुग्णालयाची कागदपत्रे, एवढे त्यासाठी जपावे लागते. पण हा विमा वाचलेल्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याला पुरत नाही. सदोष रेग्युलेटर किंवा हलगर्जी जोडणी कारण असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आयोगाकडे वेगळी तक्रार करता येते. तिची मुदत दोन वर्षांची. वण निवायलाही दोन वर्षे लागू शकतात! ‘पूर्ण बरे होऊ दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्यांचा हक्क इथे निसटतो. सबळ कारण दिल्यास आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. तक्रार वेळेत दाखल करावी, अंतरिम आदेश मागावा, आणि नुकसानीचे अंतिम मोजमाप वण स्थिरावल्यावर व्हावे असा आग्रह धरावा.

यावर विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. खाज, लाज, झोपमोड मोजायची कशी, कुणीही वाढवून सांगेल, असे त्या म्हणतात. शंका अगदीच निराधार नाही. पण सांधा किती अंशांत वळतो हे मोजता येते, वणाची जाडी आणि ताठरपणा नोंदवण्याच्या मान्य श्रेणी आहेत, आणि ठरावीक अंतराने काढलेली छायाचित्रे लपवाछपवी करत नाहीत. दुसरा आक्षेप दोषाचा: पदर सावरला नाही, नळी बदलली नाही. दोष दोन्हीकडे असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, तेवढ्याने दावा संपत नाही. विजेच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार दगावला, तेव्हा वीज चोरणाऱ्या तिऱ्हाइताकडे बोट दाखवणाऱ्या मध्य प्रदेश वीज मंडळाला २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारीतून सुटू दिले नाही.

सर्वांत अवघड जागा घरात राबणाऱ्या बाईची. ‘तिची कमाई काय?’ हा प्रश्न विचारला जातोच. घरकामालाही पैशांत मोल धरून भरपाई ठरवावी, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितले आहे. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जळीत कक्षात नोंदवलेला पहिला जबाब मात्र तिच्या साऱ्या दाव्याचा पाया ठरतो, आणि तो देताना सासरची माणसे कॉटशेजारी उभी असतील तर स्टोव्हचा भडका उडाला एवढेच कागदावर येते. जबाब घेणाऱ्याने आधी त्यांना बाहेर काढले पाहिजे. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये न्यायालयाने ॲसिडहल्ल्यातील पीडितांना किमान ३ लाखांची भरपाई ठरवली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत त्यांचा स्वतंत्र समावेश केला. ते योग्यच झाले. पण रॉकेल ओतून पेटवलेल्या किंवा सिलिंडरच्या भडक्यात सापडलेल्या बाईचा चेहरा तितकाच विद्रूप झाला असला, तरी सांधे आखडलेले नसतील आणि दृष्टी शाबूत असेल, तर त्या यादीत तिच्या वणाला स्वतःचे नाव नाही.