एसीपी घरी आल्यावर

शिवाजी साटम यांच्या चाहत्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालत आला आहे. एका गटाचं म्हणणं, ‘सीआयडी’नं या नटाला गिळून टाकलं. एवढा ताकदीचा माणूस, आणि वीस वर्षं प्रेताशेजारी उभं राहून तीच बोटं फिरवत राहिला. दुसरा गट म्हणतो, ‘सीआयडी’ नसती तर हिंदी सिनेमानं त्यांना नायकाचा नाहीतर नायिकेचा बाप करून सोडून दिलं असतं आणि त्यांचं नावही कुणाला ठाऊक झालं नसतं. मी दोन्ही गटांचं बोलणं मनापासून ऐकलं आहे. दोघांचंही निम्मं खरं आहे. पण ज्या बापांना दुसरा गट असा सहज निकालात काढतो, ते बाप एकदा ओळीनं बघायला हवेत, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. साटमांच्या अभिनयाचा खरा ऐवज तिथेच आहे.

आधी ‘सीआयडी’ मालिकेतल्या त्यांच्या एसीपी प्रद्युम्नबद्दल. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा साटम सत्तेचाळीस वर्षांचे होते. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी ती थांबली तेव्हा अडुसष्ट. मधल्या काळात १५४७ भाग झाले. आशुतोष गोवारीकर सुरुवातीच्या काळात इन्स्पेक्टर होते, पुढे ते ‘लगान’कडे निघून गेले. अश्विनी काळसेकर आल्या आणि गेल्या. २००४ साली तर १११ मिनिटांचा एक अख्खा भाग एका सलग शॉटमध्ये चित्रित झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. या सगळ्या येण्याजाण्यात एसीपी मात्र जागेवर होते. खाकी वर्दी नाही, साधा कोट-पँट. आवाज चढवण्यापेक्षा थांबून विचारण्यावर भर. ‘कुछ तो गड़बड़ है’ हे वाक्य पोरंटोरं मस्करीत म्हणतात, पण सुरुवातीच्या वर्षांतले भाग पुन्हा बघावेत. ते वाक्य म्हणताना साटम समोरच्याकडे बघत नाहीत, स्वतःशीच बोलतात. हिशेब जुळत नसलेल्या माणसाचं ते बोलणं आहे.

आणि हिशेब ही त्यांच्या आयुष्यातली खरीखुरी गोष्ट होती. साटम सेंट्रल बँक ऑफ इंडियात कॅशियर होते. मुंबईच्या मराठी रंगभूमीला बँकांनी किती नट दिले, यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. आंतरबँक नाट्यस्पर्धा हे त्या काळी केवढं मोठं प्रकरण होतं. दिवसभर काउंटरवर नोटा मोजायच्या आणि संध्याकाळी तालमीला जायचं. याच वाटेवर बाळ धुरी यांनी साटमांना हेरलं आणि ‘संगीत वरद’ या नाटकात आणलं. सचोटीनं नोकरी करणारा, महिनाअखेरची ओढाताण ठाऊक असलेला, वरिष्ठांपुढे थोडा वाकणारा आणि तत्त्वाची वेळ आली की ताठ होणारा माणूस साटमांना कुठे शोधायला जावं लागलं नाही. असे सहकारी रोज आजूबाजूला बसलेले असणार.

एसीपीचं मूळही मराठीतच आहे, हे अमराठी चाहत्यांना सांगितलं की ते चकित होतात. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ नावाची मालिका होती. पोलिसांच्या शंभर नंबरावरून हे नाव घेतलेलं, आणि गोष्टी मुंबई पोलिसांच्या तपासांवर बेतलेल्या. दिग्दर्शक बी. पी. सिंग, म्हणजे पुढे ‘सीआयडी’ घडवणारेच. तिथे साटम होते. सिंग यांनी पुढे त्यांना एसीपी केलं ते ओळखीच्या, पारखलेल्या माणसाला केलं.

सिनेमात ते ‘सीआयडी’च्या आधीच आले होते. १९८८ सालचा विजया मेहतांचा ‘पेस्तनजी’, त्यात छोटं काम. पण चाहत्यांच्या मनातली यादी सुरू होते ती १९९७ पासून, म्हणजे ‘सीआयडी’च्या अगदी उंबरठ्यावर. ‘गुलाम-ए-मुस्तफा’मध्ये ते दयानंद दीक्षित झाले. नाना पाटेकरांचा मुस्तफा हा टोळीचा बंदूकधारी, आणि तो येऊन पडतो दीक्षितांच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात. अरुणा इराणी दीक्षितांच्या पत्नी. सिनेमा तसा मसालेदारच. पण दीक्षितांचं संकोचणं बघा. घरात आलेल्या या माणसाची भीतीही वाटते, त्याचे उपकारही होतात, आणि उपकार मान्य करायला जीभ रेटत नाही. नाना पूर्ण जोरात असताना त्यांच्यासमोर टिकायचं तर बहुतेक नट आवाज वाढवतात. साटम इथे खाली उतरतात, आणि नजर त्यांच्याकडे जाते.

मग १९९९ आणि ‘वास्तव’. महेश मांजरेकरांच्या या सिनेमाबद्दल बोलताना लोक संजय दत्तच्या गळ्यातल्या साखळीबद्दल बोलतात, रीमा लागूंनी केलेल्या आईबद्दल बोलतात, संजय नार्वेकरच्या देढफुट्याबद्दल बोलतात. ते योग्यच आहे. शेवटी आईच मुलाला गोळी घालते, त्यामुळे सगळा भार रीमाताईंवर जातो. पण संजय दत्तच्या रघूचे वडील नामदेव शिवलकर, म्हणजे साटम, यांच्याकडे लक्ष ठेवून हा सिनेमा एकदा बघायला हवा. चाळीतला बाप. मुलगा वाया जातोय हे त्याला आईच्या आधी कळलेलं आहे, असं मला नेहमी वाटतं, आणि ते संवादांमधून कळत नाही, साटमांच्या बसण्यावरून कळतं. मुलानं आणलेल्या पैशानं घर भरत जातं तसा हा माणूस घरातच पाहुण्यासारखा होत जातो. स्वतःच्या घरात बापाला कुठे बसावं हे सुचू नये, याहून मोठी हार मध्यमवर्गीय माणसाला ठाऊक नाही. तो राग साटम एकदाही सांडू देत नाहीत.

इथे मला एक योगायोग विलक्षण वाटतो. ‘सीआयडी’च्या कथेत एसीपी प्रद्युम्नला नकुल नावाचा मुलगा आहे, तो गुन्हेगारीकडे गेलेला आहे, आणि बापाच्याच हातून त्याला गोळी लागते. म्हणजे एकच नट छोट्या पडद्यावर गुन्हेगार मुलाला मारणारा बाप आणि मोठ्या पडद्यावर गुन्हेगार मुलापुढे हतबल होणारा बाप. एकाच्या हातात पिस्तूल आणि अधिकार, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. जुने चाहते नकुलचा विषय निघाला की अजूनही हळवे होतात. मला वाटतं, नकुलच्या प्रसंगातल्या बापाला नामदेव शिवलकर आतून ओळखत असणार. पुढे हजारभर भागांत एसीपी कितीही कडक झाले तरी तरुण अपराध्याशी बोलताना त्यांचा सूर किंचित बदलतो. तो सूर पटकथेत लिहून येत नाही.

मांजरेकरांनी साटम आणि रीमा लागू ही जोडी पुढच्याच वर्षी ‘निदान’मध्ये पुन्हा आणली. रक्त चढवताना एचआयव्हीची लागण झालेल्या मुलीचे हे आईवडील. २००० साली हा विषय घराघरांत कुजबुजीनंच बोलला जात होता. हा सिनेमा फार लोकांनी पाहिला नाही, आणि चाहत्यांच्या गप्पांतही तो मागेच राहतो. तो पुढे यायला हवा. इथल्या बापासमोर गुन्हेगार नाही, खलनायक नाही, ज्याच्यावर चिडावं असा कुणीच नाही.

‘नायक’ (२००१) मात्र सगळ्यांना पाठ आहे. त्यात ते राणी मुखर्जीचे वडील, आणि मुलीसाठी त्यांना सरकारी नोकरीतला जावई हवा. समोर उभा असलेला मुलगा थेट मुख्यमंत्री होऊन बसतो, आणि याच कारणासाठी हा बाप नकार देतो. यावर थिएटरात हशा पिकायचा. पण साटम तो नकार विनोदासाठी देत नाहीत. मुख्यमंत्र्याचं आयुष्य म्हणजे जिवाला घोर, आणि पेन्शनच्या नोकरीत मुलगी सुखात राहील, हे त्यांचं ठाम मत आहे. बँकेत काम केलेल्या माणसानं हे वाक्य म्हटलं की ते खरं वाटतं.

त्याच सुमारास ते गुलजारांच्या ‘हु तू तू’त दिसले, ‘सूर्यवंशम’मध्येही. मग हिंदीतलं काम पातळ होत गेलं. इथे पहिल्या गटाचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. मालिकेचं चित्रीकरण माणसाचे दिवस खातं, आणि एसीपीचा चेहरा इतका घराघरात पोचला की दिग्दर्शकांना त्यांच्यात दुसरं माणूस दिसेनासं झालं. मात्र हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं झालं नाही. ‘सीआयडी’त अभिजीत करणारे आदित्य श्रीवास्तव ‘सत्या’तला इन्स्पेक्टर खांडिलकर म्हणून आधीच लक्षात राहिले होते, पुढे ‘ब्लॅक फ्रायडे’मधला बादशाह खान त्यांनी इतका भेदक केला की त्या वेळी अभिजीत आठवतही नाही. ‘सीआयडी’तला दया करणाऱ्या दयानंद शेट्टींना ‘सिंघम रिटर्न्स’मध्ये दया म्हणूनच घेतलं गेलं. अनुराग कश्यपसारख्या दिग्दर्शकानं साटमांना एखादी तिरकी, अंधारी भूमिका का दिली नाही, हा प्रश्न चाहते एकमेकांना विचारतात. मलाही तो छळतो.

हिंदीनं जे दिलं नाही ते मराठीनं दिलं. २००५ साली प्रदर्शित झालेला बिपीन नाडकर्णींचा ‘उत्तरायण’ हा जयवंत दळवींच्या ‘दुर्गी’ नाटकावर आधारलेला. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. उतारवयातला विधुर रघू आणि शाळेच्या दिवसांपासून ओळखीची दुर्गी, म्हणजे नीना कुलकर्णी. आयुष्यानं दोघांना थकवलंय आणि आता एकत्र राहावं असं वाटतंय. प्रेमाची कबुली देताना साटमांच्या चेहऱ्यावर जी भीती येते ती विशीतल्या मुलाची नाही, हरवायला फारसं उरलेलं नाही आणि म्हणूनच जपायचं आहे अशा माणसाची आहे. ज्यांनी साटमांना फक्त एसीपी म्हणून पाहिलंय त्यांनी इथून सुरुवात करावी, असं मी हट्टानं सांगतो. त्यांना नायक म्हणून बघण्याची संधी सिनेमानं फार कमी वेळा दिली, आणि दिली तेव्हा ती पूर्ण वसूल झाली.

‘दे धक्का’ (२००८) ही तर मौज. ‘लिटल मिस सनशाइन’वरून घेतलेली गोष्ट, पण कोल्हापुरी मातीत इतकी मुरलेली की मूळ आठवत नाही. पिऊन टुन्न असलेले आजोबा सूर्यभान जाधव म्हणजे साटम. त्याच वर्षी हाच माणूस टीव्हीवर खुन्याला फासावर चढवण्याची धमकी देत होता. प्रेक्षकांनी दोघांनाही एकाच वेळी मानलं, कुणाचीही गल्लत झाली नाही. ‘गिळून टाकलं’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी सूर्यभान जाधव दाखवतो. इंग्रजी सिनेमातला आजोबा प्रवासात मरतो, मराठीतला जिवंत राहतो, आणि २०२२ साली ‘दे धक्का २’मध्ये तो लंडनलाही पोचतो.

‘हापूस’ (२०१०) त्यांच्या मुलानं, अभिजीत साटम यांनी दिग्दर्शित केला, आणि त्यात सून मधुरा वेलणकरही आहे. आंब्याच्या बागेचे मालक अण्णा गुरव हे साटमांचं काम. मुलाला नवी बाजारपेठ हवी, बापाला जुने व्यवहार सोडवत नाहीत. मुलाच्या हाताखाली काम करताना बापाचा हेकटपणा साकारायचा! तो हेकटपणा खरा उतरला आहे, आणि त्याच्यामागची माया लपवण्याची कोकणी पद्धतही.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘सीआयडी’ परतली. त्यात फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस वर्षभरापूर्वीच गेले होते, त्यामुळे त्या आनंदाला दुःखाची किनार होती. एप्रिल २०२५ मध्ये कथेत एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला गेला, आणि चाहते असे खवळले की जणू घरातलं माणूस कुणीतरी परस्पर नेलं असावं. पुढे एसीपी परतले. त्या काही आठवड्यांत तरुण चाहत्यांनी साटमांचे जुने सिनेमे धुंडाळले, आणि ‘वास्तव’मधला बाप हेच एसीपी आहेत हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याच एप्रिलमध्ये साटम पंच्याहत्तर वर्षांचे झाले. या वयाच्या, अजून उभ्या असलेल्या नटासाठी ‘उत्तरायण’च्या तोडीची एक तरी भूमिका मराठीत कुणीतरी आता लिहायला बसावं.