अपघातोत्तर मद्य व अमली पदार्थ चाचणी आणि शासकीय वाहनचालक : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले पोफळी हे गाव कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे सर्वपरिचित आहे. येथूनच कुंभार्ली घाट चढून रस्ता पाटण व कराडकडे जातो. या घाटरस्त्यावर शासकीय विभागांच्या जीपगाड्या, महानिर्मिती कंपनीची वाहने आणि एस.टी. महामंडळाच्या बसगाड्या यांची ये-जा असते. अशा वाहनास अपघात झाल्यास ‘चालक प्यायलेला होता काय’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर लोकचर्चेतून मिळते की शास्त्रीय चाचणीतून, यावर एकीकडे जखमींना मिळणारा न्याय आणि दुसरीकडे चालकाची उपजीविका अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या चाचणीची कायदेशीर चौकट, तिचा वैज्ञानिक आधार व सेवाविषयक परिणाम यांचे विवेचन केले आहे.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीने श्वासविश्लेषक यंत्राबरोबरच प्रयोगशाळेतील चाचणीसही या कलमात स्पष्ट स्थान मिळाले आणि पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची मर्यादा १०,००० रुपये झाली. अमली पदार्थांबाबत मात्र असे कोणतेही परिमाण कायद्यात नाही. वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास चालक असमर्थ होता, हेच तेथे सिद्ध करावे लागते.

अपघातानंतरच्या चाचणीची तरतूद कलम २०३ मध्ये आहे. चालकाने मद्य वा अमली पदार्थ घेतल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असेल, तर पोलीस अधिकारी श्वासाचा नमुना मागू शकतो. रक्तचाचणीची तरतूद कलम २०४ मध्ये असून, सबळ कारणाविना नमुना नाकारल्यास ती बाब कलम २०५ नुसार चालकाविरुद्ध विचारात घेता येते. चालक रुग्णालयात दाखल असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पूर्वसूचना देणे आवश्यक असते. चाचणीमुळे उपचारांत बाधा येईल असे त्यांचे मत असल्यास नमुना घेता येत नाही. जखमीवर तातडीने उपचार करणे हे डॉक्टरचे आद्य कर्तव्य होय, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. या तरतुदींचा प्रारंभ पोलिसांच्या संशयापासून होतो. अपघात झाला म्हणून चाचणी झालीच पाहिजे, असे कलम २०३ सांगत नाही.

काळाचे महत्त्व

रक्तातील मद्यार्काचे प्रमाण सर्वसाधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटरमागे १० ते २० मिलिग्रॅमने घटते. अपघातसमयी ६० मिलिग्रॅम प्रमाण असलेला चालक दोन-तीन तासांनंतर कायदेशीर मर्यादेच्या आत येऊ शकतो. घाटात अपघात झाल्यावर वार्ता पोहोचणे, पोलीस घटनास्थळी येणे, जखमींना हलविणे आणि त्यानंतर चालकाला रुग्णालयात नेणे, एवढ्यातच हा अवधी सरतो. कलम १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी न झाल्यास तिला मुक्त करावे लागते, हे कलम २०२ चे बंधन या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

अमली पदार्थांबाबत अडचण निराळी आहे. गांजाचे अवशेष मूत्रात अनेक दिवस आढळू शकतात. त्यामुळे मूत्रचाचणीचा होकारार्थी निष्कर्ष सेवन दर्शवितो, अपघातसमयीची नशा नव्हे. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही गुंगी येते, हेही विसरता कामा नये.

पुराव्याची शृंखला

बचूभाई हसनअली करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूचा वास, अडखळती चाल व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून चालक नशेत असल्याचे निश्चितपणे सिद्ध होत नाही, असे म्हटले. नमुना देण्याची सक्ती म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे, हे तत्त्व मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निर्णयातून पुढे आले. तथापि नमुना घेणे पुरेसे नाही, तो जपलाही पाहिजे. मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी) नियम, १९५९ नुसार रक्त काढण्यापूर्वी त्वचा पुसण्यास मद्यार्क वापरता येत नाही आणि नमुना मोहोरबंद करावा लागतो. वांद्रे येथील २००२ च्या बहुचर्चित अपघाताच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी आरोपीची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा रक्तनमुन्याच्या हाताळणीतील त्रुटी हा विचारात घेतला गेलेला एक मुद्दा होता.

सेवाविषयक परिणाम

शासकीय विभागाच्या चालकास महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. कर्तव्यावर असताना मादक पेयाच्या वा द्रव्याच्या अमलाखाली असणे त्यांनुसार निषिद्ध आहे. महानिर्मिती ही कंपनी व एस.टी. हे महामंडळ असल्याने तेथील चालकांना त्या-त्या संस्थेचे सेवानियम लागू होतात. म्हणजे एकाच वळणावर अपघात झालेल्या तीन चालकांसाठी फौजदारी कायदा एक, परंतु शिस्तभंगाची कार्यपद्धती तीन प्रकारची असते. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही. त्यामुळे न्यायालयातून सुटलेला चालकही नोकरी गमावू शकतो. अशा वेळी वेळेवर केलेली निर्दोष चाचणी हेच त्याचे मोठे संरक्षण ठरते.

शासनाचे हितही यात गुंतलेले आहे. राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती या १९६२ च्या निवाड्यात, शासकीय जीपच्या चालकाच्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दल राज्यास नुकसानभरपाईस जबाबदार धरण्यात आले.

अमेरिकेतील पद्धती

न्यूयॉर्क येथे २८ ऑगस्ट १९९१ रोजी मद्यधुंद चालकामुळे भुयारी रेल्वे घसरून ५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा संमत झाला. अवजड वाहनांच्या चालकांसाठी, मग ते शासकीय सेवेत असले तरीही, मृत्यू झाल्यास किंवा अन्य विहित परिस्थितीत चाचणी अनिवार्य आहे. मद्यचाचणी दोन तासांत न झाल्यास कारण नोंदवावे लागते आणि आठ तासांनंतर ती केली जात नाही. अमली पदार्थांसाठी ३२ तासांची मर्यादा आहे. येथे चाचणीचा आधार अपघाताची गंभीरता हा आहे, अधिकाऱ्याचा संशय नव्हे.

समारोप

संशयावर आधारलेली चाचणी दोन्ही बाजूंनी अपुरी पडते. दोषी चालक विलंबाचा लाभ घेऊन सुटतो आणि निर्दोष चालकावरील प्रवाद पुसला जात नाही. मृत्यू वा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक अपघातात सार्वजनिक सेवेतील चालकाची ठरावीक वेळेत चाचणी, विलंबाच्या कारणाची लेखी नोंद, नमुन्याचा दुसरा भाग फेरतपासणीसाठी राखून ठेवणे आणि अहवालाची गोपनीयता, ही चतुःसूत्री सर्व संस्थांच्या सेवानियमांत समान रीतीने अंतर्भूत होणे इष्ट आहे. पोफळीसारख्या घाटपायथ्याच्या गावी प्राथमिक श्वासचाचणीची सोय जवळच उपलब्ध असल्यास तिचा उपयोग जखमी व चालक या दोघांनाही होईल.